थांबा म्हणण्याचा अधिकार कोणाला?

पत्र:

काकू, मी तासगाव तालुक्यातली. वडिलांची अडीच एकर द्राक्षबाग आहे. सांगलीत कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केले आणि कॅम्पसमधूनच पुण्याच्या एका कंपनीत लागले. कंपनी अमेरिकेतल्या रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते. भरती रुग्णांच्या औषधांच्या ऑर्डर ज्यातून जातात, त्या मॉड्यूलवर मी काम करते. एक वर्ष चार महिने झाले. दर दोन आठवड्यांनी रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, रोज रात्री साडेदहापर्यंत कॉल आणि महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला की केव्हाही हजर. मार्चमध्ये एका रुग्णालयाचा जुना डेटा आमच्याकडे घेताना मला दिसले की, लहान मुलांचे पौंडातले वजन किलो म्हणून चढू शकते. आमच्या टीमच्या प्रमुखांना, लीडना, सांगितले. ते म्हणाले, "लिहून ठेव, पुढच्या रिलीजला बघू." पुढे ती चूक तिथल्या फार्मासिस्टने चाचणीत पकडली, कोणाला काही झाले नाही, पण तेव्हापासून मला नीट झोप नाही. वडील म्हणतात, रडत नोकरी करू नकोस, परत ये. मिरजेच्या एका रुग्णालयात आयटी विभागात जागा आहे, पगार निम्म्याहून कमी. सगळीकडे असेच असते का? मी कच्ची आहे का? परत यावे का? मला अहो-जाहो करू नका, तुमच्या मुलीच्या वयाची आहे मी.

उत्तर:

'तू' म्हणण्याची मुभा दिलीस, ती घेते. प्रश्न तीन विचारले आहेस, पण मी पत्र तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा माझी नजर एकाच वाक्यावर अडली: "लिहून ठेव, पुढच्या रिलीजला बघू." रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये मी १९ वर्षे काढली, त्यातली पहिली काही रुग्णालयांत जाऊन ते बसवून देण्यात आणि उरलेली पुण्यात. आता सांगलीत विश्रामबागेत राहते. हे वाक्य मी ऐकले आहे आणि, तुझ्यापासून काय लपवायचे, म्हटलेही आहे.

तुझा पहिला प्रश्न, सगळीकडे असेच असते का, हा घाईबद्दलचा आहे. या क्षेत्रात घाई असते हे खरे. पण ती कुठून येते हे एकदा समजून घेतले की निम्मा धसका कमी होतो. आपल्या कामाच्या बऱ्याच तारखा आपल्या हातात नसतात. अमेरिकेत आजारांच्या निदानांसाठी जी सांकेतिक क्रमांकांची पद्धत वापरतात, ती १ ऑक्टोबर २०१५ रोजी बदलली आणि निदानांचे सुमारे १४ हजार क्रमांक एकदम ६८ हजारांच्या घरात गेले. त्या दिवसापासूनच्या उपचारांचे जुन्या क्रमांकाने पाठवलेले बिल परत येणार हे ठरलेले असल्यामुळे ती तारीख कोणत्याही व्यवस्थापकाला विनवणी करून पुढे ढकलता येण्यासारखी नव्हती. आजही दर वर्षी १ ऑक्टोबरला त्या यादीत भर पडते. त्याआधी २००९ च्या कायद्याने तिथल्या सरकारने संगणकीय नोंदी ठेवणाऱ्या रुग्णालयांना पैसे देऊ केले, मागणी वाढली आणि त्या कामाचा एक ओघ पुण्याकडेही वळला. रुग्णालयाने नवे सॉफ्टवेअर सुरू करण्याचा दिवस ठरवलेला असतो, त्या दिवसासाठी जादा परिचारिका बोलावलेल्या असतात, जुन्या यंत्रणेचा परवाना संपत आलेला असतो. ही घाई खरी आहे. तिच्यावर चिडून उपयोग नाही.

वेळेचेही तसेच आहे. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३० आणि हिवाळ्यात ७.३० वाजलेले असतात, म्हणून तुझे कॉल रात्रीत शिरतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता तिथली घड्याळे एक तास मागे जातात, आणि त्या रात्री दीड एकदा वाजून गेल्यावर पुन्हा वाजतो. पहिल्या दीडला दिलेले औषध आणि दुसऱ्या दीडला दिलेले औषध पडद्यावर एकाच वेळेचे दिसले, तर पुढच्या पाळीतल्या परिचारिकेने काय समजायचे? आपल्याकडे ती रविवारची सकाळ असते, अकरा-बाराचा सुमार, बहुधा दिवाळीच्या आगेमागे. फराळाचे ताट समोर आणि लॅपटॉप उघडा, अशा किती दिवाळ्या गेल्या ते माझ्या घरच्यांना विचार. हा त्रास कामाच्या स्वभावातच आहे, आणि तो नको असेल तर अमेरिकेचे काम नको, इतके साधे आहे.

मात्र या खऱ्या घाईच्या आडून दुसरी एक घाई येते. विक्री विभागाने दिलेला शब्द, तिमाहीचा हिशेब, वरिष्ठांच्या बैठकीत दाखवायची 'काम वेळेवर' अशी हिरवी चौकट. दोन्ही घायांचा आवाज सारखाच असतो, ईमेलमध्ये दोघींनाही 'अर्जंट' हाच शब्द लागतो आणि नव्या माणसाला त्यातली कोणती कोणती ते ओळखू येत नाही. तुझ्या लीडने जे पुढच्या रिलीजवर ढकलले, ते कोणत्या घाईपोटी ढकलले हे विचारायला हवे होते.

कारण चूक किरकोळ नव्हती. २० किलोच्या मुलाचे वजन पौंडात ४४ भरते. तापावरचे पॅरासिटामॉल साधारणपणे किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले, तर त्याचा एक डोस ३०० मिलिग्रॅमचा होतो. पण ४४ हा आकडा किलो म्हणून चढला तर सॉफ्टवेअर शांतपणे ६६० मिलिग्रॅम सुचवील. ज्या औषधांत योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात फारसे अंतरच नसते, तिथे सव्वादोन पट म्हणजे काय हे तू पत्रात लिहिले नाहीस, पण तुला ते कळले आहे, म्हणूनच झोप उडाली आहे. ज्या फार्मासिस्टने ती चूक पकडली त्या व्यक्तीला मूल डोळ्यांसमोर दिसत होते, तुमच्या बैठकीत तो आकड्यांचा एक रकाना होता.

आपल्या पेशातली एक जुनी घटना इंजिनीअरिंगच्या वर्गात कदाचित ओझरती ऐकली असशील. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रातून किमान सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरणे दिली गेली आणि त्यांतले काही जण दगावले. आधीच्या यंत्रांत धोका झाल्यास यंत्र आपोआप अडवणारी यांत्रिक सोय होती. या यंत्रात ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवण्यात आली होती. मला त्यात सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात जी चूक घडली, ती ऑपरेटर नवखी असती तर बहुधा घडलीच नसती, कारण पडद्यावरची नोंद सरावाच्या हाताने झटपट दुरुस्त केली तरच ती उद्भवत होती. निर्मात्या कंपनीला सुरुवातीला हे घडू शकते यावर विश्वासच बसत नव्हता. शेवटी तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्या ऑपरेटरने पुन्हा पुन्हा तशीच नोंद करून चूक घडवून दाखवली. कार्यालयात संथपणे केलेल्या चाचणीत जी चूक दिसत नाही, ती कामाच्या वेगात असलेल्या माणसाच्या हातून दिसते.

आता माझे ऐक. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात आम्ही रुग्णनोंदणीचे सॉफ्टवेअर बसवले होते. एकाच रुग्णाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून नाव, आडनाव, जन्मतारीख आणि तालुका जुळला की दोन्ही फायली एकत्र करण्याची सोय त्यात होती. कागदावर हे चोख दिसते. पण आपल्या भागात एका पिढीच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तशी लिहिलेली असते, हे ज्याने तो नियम लिहिला त्याला कोण सांगणार? मला ते माहीत होते. माझ्या स्वतःच्या वडिलांची तारीख १ जून होती. मी बैठकीत एकदा बोलले. "आधी चालू तर होऊ दे," असे उत्तर आले आणि मी गप्प बसले, कारण दुसऱ्यांदा बोलले तर मला काम लांबवणारी समजतील अशी भीती होती. काही महिन्यांनी एकाच नावाच्या, एकाच तालुक्यातल्या, १ जूनला जन्मलेल्या दोन माणसांच्या फायली एक झाल्या. त्यातल्या एकाला रक्त चढवायची वेळ आली तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरने हातातली चिठ्ठी आणि पडद्यावरचा रक्तगट ताडून पाहिला, जुळेना, आणि तिने बाटली बाजूला ठेवली. बाकी काही झाले नाही. डॉक्टर आले, पुन्हा नमुना घेतला, अर्धा तास गेला. मला ते दुसऱ्या दिवशी फोनवर कळले आणि त्या दिवशी मी जेवले नाही.

त्या सिस्टरच्या आणि माझ्यात काय फरक होता याचा मी पुढे खूप विचार केला. शिक्षण माझे जास्त होते, पगारही जास्त होता. पण जुळले नाही तर थांबायचे, हे तिला पहिल्या दिवसापासून शिकवलेले होते आणि ती थांबली तर तिच्यावर कोणी ओरडणार नव्हते. मला थांबा म्हणायचे शिकवले नव्हते, आणि आमच्या कंपनीत तसे म्हणायला जागाही नव्हती. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, घाई सगळीकडे असते, पण ती थांबवण्याची मुभा सगळीकडे नसते, आणि कंपनी राहण्यासारखी आहे की नाही हे मी आज त्या एकाच गोष्टीवरून ठरवीन.

ते कसे पाहायचे? दोन-तीन महिने घे आणि प्रत्यक्ष करून बघ. रुग्णाला इजा होऊ शकेल असे काही दिसले की तोंडी सांगून थांबू नकोस, तिकीट कर, म्हणजे कंपनीच्या यंत्रणेत त्याची लेखी नोंद कर, आणि तिकिटात 'वजनाच्या एककाचा प्रश्न' असे शीर्षक देऊ नकोस. 'मुलांना दुप्पट डोस जाऊ शकतो' असे दे. काय केले की चूक घडते, कोणत्या रुग्णाला काय होऊ शकते आणि तोपर्यंत रुग्णालयाने काय सांभाळावे, एवढे लिही. लीड पुढे ढकलतो म्हणाला तर वाद घालू नकोस, अगदी नम्रपणे विचार की हा निर्णय कोणाच्या नावावर लिहायचा. या प्रश्नाने दोनपैकी एक गोष्ट होते: एक तर ते तिकीट त्याच संध्याकाळी हातात घेतले जाते, किंवा तुला बाजूला बोलावून 'टीम स्पिरिट'वर प्रवचन ऐकवले जाते. दोन्हींतून उत्तर कळतेच. शिवाय तुमच्या कंपनीत डॉक्टर, परिचारिका किंवा फार्मासिस्ट असलेली माणसे कामाला आहेत का, आणि रिलीज रोखण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणाला आहे का, हे शोध. ती माणसे फक्त विक्रीच्या सादरीकरणात दिसत असतील तर त्यांचा उपयोग नाही.

एवढे सगळे कंपनीच्या आतच व्हावे लागते यामागे एक कारण आहे. किरणोपचार यंत्र किंवा इन्सुलिन पंप यांवर नियामक संस्थेची करडी नजर असते. रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र अमेरिकेने २०१६ च्या एका कायद्यान्वये, काही अटींवर, वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येतूनच वगळले आहे. म्हणजे तुझ्या टेबलावरची कोडची ओळ आणि रुग्णाची खाट यांच्यामध्ये उभी राहणारी माणसे फार थोडी आहेत, आणि त्यांपैकी एक तू आहेस. हे तुला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. तुझ्या म्हणण्याला तुझ्या पदापेक्षा जास्त वजन आहे, हे तुझ्या लक्षात यावे म्हणून लिहिते.

एक सावधगिरी मात्र पाळ. आपली बाजू मांडण्याच्या नादात रुग्णाच्या माहितीचे स्क्रीनशॉट स्वतःच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर कधीही पाठवू नकोस. रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेबाबत अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याची कंपनीवर बंधने आहेत, आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि ज्या दिवशी तू खरी असशील त्याच दिवशी कोणीतरी तुझ्या त्या एका स्क्रीनशॉटकडे बोट दाखवील. तिकिटाचा क्रमांक आणि तारीख स्वतःच्या वहीत पुरे.

दुसरा प्रश्न, कच्ची आहेस का. नाहीस. चूक तुला दिसली, तू ती सांगितलीस, आणि ती पुढे ढकलली गेल्यावर तुझ्या मनाने ती स्वीकारली नाही. या कामात असेच मन लागते. पण मार्चपासून झोप नसणे ही अभिमानाने मिरवायची गोष्ट नाही. आमच्या वेळी रात्रभर जागून काम केल्याचे सांगणाऱ्याला ऑफिसात टाळ्या मिळायच्या, आणि जागरणाच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या ओळी दुरुस्त करण्यात पुढचा आठवडा जायचा, हे मात्र कोणी मोजायचे नाही. झोप अशीच राहिली तर डॉक्टरांकडे जा, संकोच करू नकोस. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. ऑन-कॉलच्या आठवड्यानंतर एक दिवस सुट्टी मागणे हा लाड नव्हे, हे तुझ्या लीडला पटत नसेल तर त्याच्या वरच्या माणसाला विचार.

परतण्याबद्दल लिहिण्याआधी एक काम सांगते, कारण मला स्वतःला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. चार दिवसांची रजा काढून घरी ये, आणि ज्या मिरजेच्या रुग्णालयात जागा आहे त्यांच्याकडे रीतसर परवानगी मागून एक रात्र वॉर्डात नर्सिंग स्टेशनजवळ आणि एक सकाळ औषधांच्या काउंटरवर बसून पाहा. तुझे सॉफ्टवेअर सांगते की औषध दिल्याबरोबर नोंद करा. मी अशी पहिली रात्र बसले तेव्हा पाहिले की ती सिस्टर दिलेली औषधे छोट्या कागदावर पेनाने टिपत होती आणि पहाटे पाचनंतर सगळी एका दमात संगणकावर चढवत होती. पुण्यात आम्ही याला 'युजर ऐकत नाहीत' म्हणायचो. तिथे बसल्यावर कळले की संगणक एकच, तो वॉर्डाच्या टोकाला, दर पाच मिनिटांनी तो पुन्हा पासवर्ड विचारतो, आणि तेवढ्यात तीन नंबरच्या खाटेवरचे सलाइन संपलेले असते. आमचा नियम योग्य होता आणि वागणे तिचेही योग्य होते. सूचनांचेही तसेच: पडद्यावर दिवसातून पन्नास वेळा लाल चौकट आली की डॉक्टर एक्कावन्नावी न वाचता बंद करतात, आणि नेमकी तीच खरी असते. हे तुला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवणार नाहीत.

मिरजेला तर हे बघण्यासारखे अमाप आहे. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून त्या गावाचा सगळा व्यवहारच दवाखान्यांभोवती उभा राहिला. सीमेपलीकडून कर्नाटकातले रुग्ण रोज येतात; एकाच माणसाचे नाव कानडी वळणाने एकदा आणि मराठी वळणाने एकदा लिहिले जाते आणि नोंदी दोन होतात. १ जूनचे भूत इथे अजून जिवंत आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये डिजिटल आरोग्य अभियान सुरू करून प्रत्येकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक देऊ केला आहे, त्याने हे पुढेमागे सुटावे. पण काउंटरवरचा माणूस आजही आधी आडनाव विचारतो, मग गाव.

तर तिसरा प्रश्न. आज, या मनःस्थितीत, राजीनामा देऊ नकोस, आणि हातात दुसरे पत्र आल्याशिवाय तर मुळीच नको. नोटिशीचा काळ किती आणि बाँड आहे का, हे आधी तुझ्या नेमणूकपत्रात वाच. दोन-तीन महिन्यांत कंपनीत एखादे तिकीट तुझ्या म्हणण्याने थांबले, तर मी म्हणेन आणखी दोन वर्षे राहा, कारण औषधांच्या ऑर्डरचे जे काम तू शिकते आहेस ते जाणणारी माणसे थोडी आहेत आणि ते ज्ञान तुला पुढे सांगलीतही पैसे मिळवून देईल. एकही थांबले नाही, तर नीघ. पण निघायचे म्हणजे मिरजेलाच यायचे असे नाही, पुण्यात दुसऱ्या कंपन्या आहेत आणि मुलाखतीत तू आता त्यांना विचारू शकतेस की तुमच्याकडे रिलीज शेवटचा कधी थांबला होता आणि कोणी थांबवला. ज्याला हे सांगता येत नाही, त्याच्याकडे जाऊ नकोस.

वडिलांना हे समजावणे तुला वाटते तितके अवघड जाणार नाही. माल उतरवायला व्यापारी टेम्पो घेऊन बांधावर उभा असला, भाव चांगला असला, तरी फवारणीनंतरचे दिवस भरल्याशिवाय निर्यातीचा घड तोडायचा नाही, हे ते तुझ्या-माझ्यापेक्षा चांगले जाणतात. पौंड-किलोची गोष्ट त्यांना त्या भाषेत सांग. ते 'परत ये' म्हणतात तेव्हा नोकरी सोड असे म्हणत नसून रडू नकोस असे म्हणत आहेत, असा माझा अंदाज आहे.

मिरजेची जागा मात्र निवांत असेल अशी समजूत करून घेऊ नकोस. लहान-मध्यम रुग्णालयात आयटी विभाग म्हणजे बहुधा दीड माणूस: प्रिंटर अडला तरी तोच, विम्याचा दावा अपलोड होत नसला तरी तोच, आणि तक्रार तिकिटातून येत नाही, डॉक्टर स्वतः दारात येऊन उभे राहतात. त्या कामाला माझी ना नाही. तिथे रुग्ण दिसतो, आणि घरी जेवायला मिळते. पण होकार कळवण्याआधी त्यांना एवढे विचार की रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर फोन कोणाला जातो. 'तुम्हालाच' असे उत्तर आले, तर पगाराचा आकडा त्यांच्याशी पुन्हा एकदा बोल.